सात नंबरचा पाय

कारखान्यात त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. हजेरीच्या पुस्तकात खरं नाव होतं, पण ते पुस्तक उघडायचा कारकून, आणि कारकूनही त्याला सात नंबरच म्हणायचा.

बुटांचा कारखाना. नवा बूट काढायचा असला की पहिला जोड सात नंबरात बनवायचा, तो एका ठरलेल्या माणसाच्या पायात घालून बघायचा, आणि तो माणूस 'ठीक' म्हणाला की त्यावरून सहा, आठ, नऊ, दहा असे बाकीचे आकार काढायचे, ही तिथली पद्धत. तो ठरलेला माणूस म्हणजे हा. चोवीस वर्षांपूर्वी तो खाली पॅकिंगमध्ये खोकी चिकटवायचा. एका दुपारी पॅटर्न मास्तर टेप घेऊन ओळीने सगळ्यांचे पाय मोजत आले, त्याच्यापाशी थांबले, टेप दोनदा लावली, मग तिसऱ्यांदा लावली. लांबी, चवडा, कमान, टाच, सगळं सात. बहुतेकांचा पाय कुठे ना कुठे नियम मोडतो. याचा कुठेच मोडत नव्हता.

"ऊठ," मास्तर म्हणाले, "तुझं काम वर आहे."

वर म्हणजे ट्रायलची खोली. अर्ध्या खोलीत लाकडी फळ्या, अर्ध्या खोलीत सिमेंट, शेवटी सात पायऱ्या, कुठेही न जाणाऱ्या. चढायच्या आणि उतरायच्या. येऊन जाऊन चाळीस पावलं. ती तो डोळे मिटून चालायचा. मास्तर खाली बुटक्या स्टुलावर बसून बुटाच्या वळ्या बघत. चालून झालं की तो उभा राही, डोळे मिटलेलेच, आणि बोलू लागे. "डाव्या करंगळीला धरतोय. टाच उचलली की मागे हवा जाते. चवड्याला सैल."

"किती सैल?"

"एक कागद."

कागद हे त्या दोघांचं माप. जाड पुठ्ठ्याच्या कागदाची जाडी. मास्तर मग शेजारच्या खोलीत जाऊन कलबूत तासत. कलबूत म्हणजे लाकडी पाऊल, ज्यावर कातडं ताणून बूट घडवतात. एक कागद म्हटलं की मास्तर एकच कागद काढत, सव्वा नाही. चोवीस वर्षांत याने सांगितलं आणि त्यांनी तपासून पाहिलं, असं झालं नाही. सुरुवातीला दरवर्षी एकदा ते याचा पाय मोजत. पुढे तेही बंद पडलं. "तुझा पाय काय घड्याळ आहे, मागेपुढे व्हायला?" मास्तर म्हणायचे.

रस्त्याने जाताना तो लोकांच्या तोंडाकडे बघत नसे. बूट बघायचा. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या पायात आपल्या कारखान्याचा जोड दिसला, आणि तो माणूस बुटाकडे लक्ष न देता, दुसऱ्याच कसल्या विचारात चालला असला, की याला बरं वाटे. बूट ठीक असला की तो कोणाच्या लक्षात येत नाही. आपणही तसेच आहोत, असं त्याला वाटायचं, आणि त्यात त्याला काही कमी वाटत नसे.

बायको मात्र म्हणायची, "सगळ्या गावाला तुमच्या पायाचं कौतुक. वरचा माणूस कोणी बघत नाही."

वरचा माणूस एकशे आठ किलोचा होता.

त्याचा थोरला भाऊ, दादा, तोही असाच. बावन्नाव्या वर्षी एका सकाळी दादा बुटाची फीत बांधायला वाकला तो उठलाच नाही. वहिनीला वाटलं, गाठ पडलीय. महिन्याभराने वहिनी एक खोकं घेऊन आली. दादाने एका म्हाताऱ्या कारागिराकडून मापाने शिवून घेतलेले तपकिरी बूट. "तुम्हाला राहू देत, भावजी. तुम्ही बुटातले." त्याने ते तिच्यासमोर घालून पाहिले. चवड्यापाशीच अडकले. दादाचा पाय त्याच्यापेक्षा अर्ध्या नंबराने लहान होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. एवढी वर्षं सख्ख्या भावाचा पाय त्याने मोजला नव्हता. खोकं कपाटाच्या तळाला गेलं.

मग जिन्यावर त्यालाही धाप लागू लागली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, बोलायला धारदार. "काका, तुमचं हृदय रोज आणखी एक माणूस पाठीवर घेऊन जिना चढतंय. त्याला उतरवा. नाहीतर दोघेही पडाल."

घरी येऊन बायकोने साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. "तुम्ही गेलात तर एवढे मोठे शर्ट मी देऊ कुणाला? कुणाला व्हायचे नाहीत." ती चिडली की असंच बोलायची. तिने वजनकाटा आणला. उकडलेल्या भाज्या, काकडी, मोजून दोन पाव. सकाळी तासभर चालणं. तो कुरकुरला, पण दादाची ती वाकलेली पाठ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. तो सगळं खाली मान घालून करत गेला. दहा महिन्यांत एकतीस किलो उतरले.

पोट जाईल, हे माहीत होतं. बाकीचं कोणी सांगितलं नव्हतं.

आधी अंगठी गेली. वीस वर्षं बोटात रुतलेली, साबण लावूनही न निघणारी अंगठी एका सकाळी हात धुताना आपणहून मोरीत घसरली. बायकोने नळाखालचा पाइप उघडून ती काढली, आतून दोरा गुंडाळला आणि परत त्याच्या बोटात घातली. मग चष्मा नाकावरून उतरू लागला. मग बसता येईना. बुडाखाली दोन हाडं आहेत, हे त्याला एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. कारखान्यातल्या बाकावर तो घडी केलेला स्वेटर ठेवून बसू लागला, आणि अंगात दुसरा स्वेटर, कारण सगळे बाह्या दुमडून काम करत असताना याला हुडहुडी भरायची. कंगव्यात केस येऊ लागले. गळ्याखाली एक रिकामी पिशवी लोंबू लागली.

"तुमचं घोरणं गेलं," बायको म्हणाली. "काल तीनदा नाकापुढे हात धरला. वाटलं, झालं."

"आता शांत झोप की."

"कशी झोपू? घरात कोणी आहेसं वाटत नाही."

आरशात तो बारीक दिसत नव्हता. त्याला वाटायचं, आत कोणीतरी आवराआवर करतंय. एकेक वस्तू मोजून गाठोड्यात बांधतंय, आणि आपल्याला विचारत नाहीये.

कारखान्यात थट्टा चालायची. पॅकिंगमधली एक बाई रोज म्हणायची, "सात नंबर, अजून थोडं उतरलात की तुम्हाला सहा म्हणायला लागू." सगळे हसत. तोही हसायचा.

याच दिवसांत तो काळा बूट आला. ऑफिसात घालायचा, फीतवाला, साधा. साहेबांनी त्यावर फार भरवसा ठेवला होता. पहिला जोड त्याने पायात घातला, चाळीस पावलं चालला आणि डोळे मिटून म्हणाला, "चवड्याला सैल. दोन कागद."

मास्तरांनी दोन कागद काढले. तीन आठवड्यांनी दुसरा जोड आला. "अजून सैल. एक कागद. टाचेलाही अर्धा."

"कातडं ताण खातंय की काय?" मास्तर स्वतःशी पुटपुटले आणि तासायला गेले.

तिसरा जोड पायात असा बसला की त्याला बूट घातल्याचं भानच राहिलं नाही. "ठीक," तो म्हणाला. मास्तरांनी कलबुतावर सही केली. त्यावरून सहा निघाला, आठ निघाला, नऊ आणि दहाही. खोकी भरून गाड्या बाहेर पडल्या.

तो खोटं बोलला नव्हता. बूट खरंच सैल लागत होता. पाय बदलू शकतो, हे त्याच्या मनातही आलं नाही. घरात त्याच्या चपला फटक-फटक वाजत होत्या. बायकोने एकदा म्हटलंही, "अहो, तुमच्या पावलांचा आवाज वेगळाच येतो आताशा. मला वाटतं, दुसरंच कोणी आलं." तो म्हणाला, चप्पल जुनी झालीय.

मग एका रविवारी बायको कपाट उपसायला बसली. लग्नानंतरच्या पँटी आता होतील म्हणाली. त्या पँटींखाली ते खोकं निघालं. तिने उघडलं, क्षणभर बघितलं आणि मिटू लागली.

"थांब," तो म्हणाला.

त्याने उजव्या पायात दादाचा बूट घातला. पाय आत गेला. कुठेही अडला नाही. फीत ओढली. चवडा, कमान, टाच, सगळं लागलं तिथे लागलं. डावा घातला. मग तो सवयीने उठला, डोळे मिटले आणि खोलीतल्या खोलीत चालू लागला. भिंतीपर्यंत नऊ पावलं होती. भिंतीशी पोचल्यावर त्याने डोळे उघडले नाहीत.

"होतात की!" बायको म्हणाली. "छान होतात. वहिनींना सांगते."

"सांगू नकोस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो एकात एक दोन मोजे घालून कामावर गेला.

सांगायचं होतंच. सकाळी सांगू असं ठरवून तो जिना चढला, आणि वर मास्तर खडू शोधत होते. दुपारी सांगू म्हटलं, तर साहेब खोलीत आले. सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा तो बाकावर बसून विचार करायचा. पुन्हा पॅकिंग. गोंद, पुठ्ठा. ते जिवावर येत होतं असंही नाही. पण खाली त्याला हाक काय मारतील, हे त्याला सुचेना. चोवीस वर्षं तो एका आकड्यात राहिला होता. भाड्याच्या घराची सवय व्हावी तशी त्याची सवय झाली होती. आता कोणीतरी दार वाजवून म्हणत होतं, घर तुमचं नाही.

आणि मग बूट परत येऊ लागले.

आधी दहा खोकी, मग पन्नास, मग खालच्या दारापाशी भिंत उभी राहिली. सगळीकडून एकच तक्रार. चावतो. चवड्याला चावतो. एका दुकानदाराने लिहिलं होतं, गिऱ्हाईक बूट घालून बाहेर जातं आणि हातात घेऊन परत येतं.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. साहेब तरुण होते, आवाज चढवत नसत, आणि त्याचीच भीती वाटे. टेबलावर काळा बूट, शेजारी कलबूत, शेजारी टेप.

"कलबूत चवड्याला तीन कागद कमी आहे, टाचेला अर्धा," साहेब म्हणाले. "मास्तर, तासलं कोणी?"

"मी."

"सही तुमची?"

"माझीच."

"मग?"

मास्तरांनी कलबूत हातात घेतलं. चष्मा वर करून बघितलं, खाली करून बघितलं. त्यांचं वय अठ्ठावन्न. "मला सांगितलं तेवढंच मी..." ते म्हणाले आणि थांबले. याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. याच्यावर संशय घ्यायचा असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. "हात जास्त चालला असेल," ते म्हणाले. "वय झालं, साहेब."

हा समोरच्या खुर्चीवर बसला होता. घडी केलेला स्वेटर खाली, पायात दोन मोजे, त्याखाली जाड लोकरी नमद्याचा तुकडा. मोज्यांच्या आत पायाला घाम सुटला होता. साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं काय, सात नंबर? तुम्ही घातला तेव्हा कसा होता?"

"ठीक होता," तो म्हणाला.

हेही खोटं नव्हतं.

मास्तरांना तळघरात पाठवलं. परत आलेले जोड तिथे लाकडी ताणण्यांवर चढवून, ओलं करून, एकेक कागद मोठे करायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. "आता नाजूक काम नको तुम्हाला," साहेब म्हणाले. जिना उतरताना मास्तरांनी कठड्याला धरलं होतं. याआधी ते कधी कठडा धरत नसत.

त्याने त्या संध्याकाळपासून खायला सुरुवात केली.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत बेकरी होती. तिथे उभ्याने चार गोड पाव खायचे, ओठ पुसायचे, घरी जाऊन बायकोसमोर काकडी खायची. सकाळी चालायला म्हणून निघायचं आणि बागेच्या बाकावर बसून बिस्किटांचा पुडा संपवायचा. भूक नव्हती. औषध घ्यावं तसा तो खात होता. रोज न्हाणीघरात दार लावून तो एक सुतळी चवड्याभोवती गुंडाळायचा. सुतळीला जुन्या मापाच्या दोन गाठी मारल्या होत्या. गाठ गाठीला मिळाली नाही. आठवडा गेला, तीन आठवडे गेले. पोट पुढे आलं, गाल भरले, अंगठीचा दोरा काढावा लागला. गळ्याखालची पिशवीही भरली. पाय तेवढा तसाच. अन्न सगळीकडे जात होतं, तिथे उतरत नव्हतं.

जिन्यावर पुन्हा धाप लागली, तेव्हा बायकोने हाताला धरून त्याला वजनकाट्यावर उभं केलं.

"सात किलो! कुठून आले हे?"

तो काट्यावरून उतरू लागला.

"काकडीतून आले? अहो, मी विचारतेय."

ती त्याला ओढतच डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. तिथे खुर्चीवर बसल्यावर त्याने एकच विचारलं. "बाई, बारीक झाल्यावर पाय लहान होतो का?"

"होतो ना. पुष्कळांचा होतो." ती लिहिता लिहिता बोलत होती. "पावलावरही चरबी असते, काका. तुमच्या पायांवर तर सूजही होती, मी सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. शिवाय वजनाने पाऊल दबून पसरतं. वजन गेलं की आवळतं. चांगलंच आहे."

"परत वाढतो का?"

"कशाला वाढायला हवा? तो तुमचा पाय नव्हताच. ती सूज होती."

ती हसली. तो हसला नाही. इतकी वर्षं, इतकी माणसं, त्याच्या मनात आलं. सगळी माझ्या सुजेवर चालली.

बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसून त्याने बायकोला सगळं सांगितलं. कागद, मोजे, बेकरी, मास्तर. ती पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही, हेच वेगळं होतं.

"म्हणजे पायासाठी खात होता," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"दादांचं बघून मी दहा महिने तुमचा घास मोजला. आणि तुम्ही पायासाठी."

"काय करू सांग."

"मला विचारू नका." ती उठली. "मी तुम्हाला जगवलं. आता त्या जगण्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

घरापर्यंत ती चार पावलं पुढे चालत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो तळघरात उतरला. छताला लागून एक लांबट, बुटकी खिडकी होती, रस्त्याच्या पातळीवर. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. तेवढाच उजेड. मास्तर डब्यातलं न खाता एका बुटाच्या आत हात घालून चाचपत बसले होते. डोळ्यांवर नवा चष्मा होता, जाड काचांचा.

"ये रे," ते म्हणाले. "पोट सुटायला लागलं पुन्हा. घरची ओरडत नाही?"

तो समोरच्या खोक्यावर बसला. बूट काढला. वरचा मोजा काढला. मग आतला काढला. पाऊल उघडं करून त्याने मास्तरांच्या गुडघ्यावर ठेवलं. चोवीस वर्षांपूर्वी ठेवलं होतं, तसं.

मास्तर आधी हसले. मग त्यांनी अंगठा आणि मधलं बोट चवड्याभोवती धरलं, आणि हसणं तोंडावर तसंच राहिलं, त्यातलं सगळं गेलेलं. टेप शेजारीच होती. ती त्यांनी घेतली नाही. हाताला कळलं होतं.

"कधीपासून?"

"काळ्या बुटाच्या आधीपासून. पण मला कळलं नंतर, मास्तर. शप्पथ. गाड्या गेल्यावर."

"साहेबांच्या खोलीत बसलो होतो, तेव्हा कळलं होतं?"

"हो."

"दोन मोजे होते?"

"हो."

मास्तरांनी पाऊल गुडघ्यावरून उचलून खाली ठेवलं. हळूच ठेवलं, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसं. खिडकीतून कोणाच्या तरी टाचा गेल्या.

"रोज बघत होतो तुला बारीक होताना," ते म्हणाले. "सगळा बघितला. पाय बघायचं सुचलं नाही. दरवर्षी मोजायचा नियम होता, मीच सोडला. तेवढं माझं." मग त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "मला वाटलं, माझा हात गेला. समजतंय तुला? एक कागद म्हणालास तर एकच निघतो, हे सोडलं तर माझ्याकडे दुसरं आहे काय? घरी कलबूत घेऊन गेलो. आठ वेळा मापलं. डोळे तपासून घेतले, हा चष्मा केला. मुलगी म्हणाली, बाबा, हात थरथरतो का बघू. मी तिच्यासमोर हात पुढे करून उभा राहिलो. आणि तो थरथरायला लागला रे. आधी थरथरत नव्हता."

"मास्तर..."

"जेवून घेतो," मास्तर म्हणाले. "सुट्टी संपेल."

तो अनवाणीच जिना चढला आणि साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिला. बोलायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साहेबांनी स्वतः टेप लावली. "साडेसहा," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "आपण अर्धे नंबर बनवतच नाही," असं काहीतरी म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर त्याला काही धरायला मिळालं असतं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. एका ओळीने मास्तर वर आले. दुसरीने तो खाली गेला.

नवा सात नंबर पॅकिंगमधलाच निघाला, दोन मुलांचा बाप, सडपातळ. आता दर महिन्याला पाय मोजतात आणि वजनही करतात. पहिले आठ दिवस याने त्याला शिकवलं. चाळीस पावलं कशी चालायची, डोळे का मिटायचे. मास्तर बुटक्या स्टुलावर बसून होते. "चवड्याला सैल," नवा म्हणाला. "एक कागद." मास्तर उठले, टेप घेतली, त्याचा पाय मोजला, बूट मोजला, पुन्हा पाय मोजला. मग आत गेले. रंधा हातात घेण्याआधी त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर सरळ धरला आणि क्षणभर बघत राहिले. हे याने दारातून पाहिलं. याच्याशी ते कामापुरतं बोलत. 'तुझा पाय' म्हणून पूर्वी थट्टा करायचे, ती पुन्हा कधी झाली नाही.

आता तो तळघरात असतो. परत आलेले जोड संपायला वर्ष जाईल. एक जोड ताणणीवर चढवायचा, ओलं फडकं ठेवायचं, मळसूत्र अर्धा फेरा फिरवायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा. घाई केली तर कातडं फाटतं. त्याला कोणी सात नंबर म्हणत नाही. दुसरं काही म्हणायचंही अजून कोणाला सुचलेलं नाही, त्यामुळे 'अहो' म्हणतात, किंवा जिन्यावरून नुसतीच हाक येते. वजन पुन्हा उतरलंय. घास तिने पुन्हा मोजायला घेतलाय, पण मोजताना ती आता टोमणे मारत नाही. कारखान्यात त्याच्या मापाचा बूट मिळत नाही. सहा चावतो, सात निसटतो. तो दादाचे तपकिरी बूट घालून येतो. फीत बांधताना तो वाकत नाही, पाय स्टुलावर ठेवून बांधतो.

परवा दुपारी खिडकीत एक काळा जोड येऊन थांबला. कारखान्याचाच, त्याच घाण्यातला. कातड्यावरच्या चवड्याच्या ताणावरूनच त्याला कळलं. माणूस एका पायावर उभा राहिला, दुसरा बूट अर्धा काढून त्याने पायाची बोटं दाबली. तेवढ्यात कोणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण वरून आवाज आला, "काही नाही हो, माझाच पाय वेडावाकडा आहे. कुठलाच बूट सुखाचा लागत नाही."

त्याने हातातली ताणणी खाली ठेवली. खिडकी उंच होती. त्याने एक खोकं सरकवलं, त्यावर दुसरं चढवलं, आणि काचेपर्यंत हात नेला. तुमचा पाय चांगला आहे, एवढंच सांगायचं होतं.

काचेवर बोट वाजवलं तेव्हा बूट वळून चालू लागले होते. उजवा किंचित अलगद पडत होता. कोपऱ्यापर्यंत ते दिसत राहिले.

तो खोक्यांवरून उतरला. मळसूत्र अर्धा फेरा फिरवायचं राहिलं होतं.